केमोने मेलेल्या पेशींमुळे प्रतिकारशक्ती जागी होते का?

प्रश्न घणसोलीहून आलाय. विचारणाऱ्यांच्या आईंना स्तनाचा कॅन्सर आहे, शस्त्रक्रियेआधीची केमो चालू आहे आणि त्यात ते लाल रंगाचं औषध आहे. मरणाऱ्या कॅन्सरपेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करतात असं त्यांच्या वाचनात आलं. त्यावरून तीन शंका: शरीरात रोज इतक्या पेशी मरतात, मग रोज ताप का येत नाही? केमो म्हणजे एक प्रकारची लसच झाली का? आणि ही जाग वाढवायला घरून काही देता येईल का?

मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. बायोप्सीचे तुकडे, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी, रक्ताच्या काचा यांतच दिवस जातो, म्हणजे मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या पेशी बघण्यातच. तेव्हा उत्तर सूक्ष्मदर्शकाच्या बाजूने देते. औषधांचे निर्णय आईंच्या कॅन्सरतज्ज्ञांचेच.

मरणारी पेशी प्रतिकारशक्तीला जागं करू शकते, हे खरं आहे. पण बहुतेक वेळा ती तसं करत नाही, आणि करू नये अशीच शरीराची व्यवस्था आहे. पेशी कशी मरते, मरताना तिच्यातून काय बाहेर पडतं आणि तिला उचलायला कोण, किती वेळात येतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी तापाचं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे ३३० अब्ज, म्हणजे ३३ हजार कोटी पेशी जातात आणि जवळपास तेवढ्याच नव्या येतात. वजनात धरलं तर सुमारे ८० ग्रॅम. सिंहाचा वाटा रक्तपेशींचा, त्याखालोखाल आतड्याच्या अस्तराचा. हे रोज होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

याचा पुरावा बघायला टॉन्सिलची साधी स्लाइड पुरते. तिच्यात गोल गोल केंद्रं दिसतात. तिथे बी-पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, भराभर वाढतात आणि आपापल्या अँटिबॉडीत फेरफार करून बघतात. फेरफार जमला नाही ती पेशी तिथेच मरते. या गर्दीत मधूनमधून फिकट, ऐसपैस मॅक्रोफेज (मेलेलं-मोडलेलं गिळणाऱ्या पेशी) बसलेले असतात आणि त्यांच्या पोटात गडद निळे ठिपके असतात. ते ठिपके म्हणजे गिळलेल्या पेशींच्या केंद्रकांचे तुकडे. शिकाऊ डॉक्टरांना मी ही स्लाइड दाखवते तेव्हा काय दिसतंय यापेक्षा काय दिसत नाही ते सांगा म्हणते. न्यूट्रोफिलची, म्हणजे दाहात आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींची, झुंबड नाही, सूज नाही, रक्तवाहिन्या फुगलेल्या नाहीत. एवढ्या पेशी मेल्या आणि शेजाऱ्याची झोपही मोडली नाही.

या शिस्तीतल्या मरणाला अपोप्टोसिस म्हणतात. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली त्याचं वर्णन केलं. ते जनुकांच्या हुकमाने घडतं हे एका सूक्ष्म कृमीवर दाखवणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. पेशीत कॅस्पेज नावाची कात्रीसारखी प्रथिनं जागी होतात. पेशी आकसते, केंद्रकातला डीएनए मोजून तुकडे केल्यासारखा कापला जातो, आवरणाला फुगे येतात आणि शेवटी पेशीचे छोटे छोटे बंद पुडे होतात. आवरणाच्या आतल्या बाजूला असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ बाहेरच्या बाजूला येतो. मॅक्रोफेजसाठी ही 'मला उचला' अशी खूण. मॅक्रोफेज पुडा गिळतो आणि वर दाह शमवणारी रसायनंही सोडतो.

ठाण्याच्या माणसाला हे पटकन कळेल. नौपाड्यात जुनी इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा आधी गॅस आणि वीज तोडतात, बांबूंवर हिरवं कापड लावतात, मग वरून एकेक मजला उतरवत राडारोडा डंपरमध्ये भरून नेतात. रस्ता चालूच असतो. तीच इमारत पावसात कोसळली तर अग्निशमन दल, पोलीस, रुग्णवाहिका, सगळा लवाजमा हजर. इमारत दोन्ही वेळा गेली, पण बोलावणं एकाच वेळी गेलं.

कॅस्पेजचं दुसरं एक काम मला फार मोलाचं वाटतं, कारण ते २०१४ पर्यंत कुणाच्या फारसं ध्यानात आलेलं नव्हतं. पेशी मरताना मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे तिच्या ऊर्जाकेंद्रांना, भोकं पडतात आणि त्यातला डीएनए पेशीत सांडतो. मायटोकॉन्ड्रिया हे मुळात कधीकाळी पेशीत राहायला आलेले जिवाणू, त्यामुळे त्यांचा डीएनए पेशीला परका वाटतो आणि ती विषाणू शिरल्यासारखी इंटरफेरॉनची (धोक्याची वर्दी देणाऱ्या रसायनाची) बोंब ठोकायला जाते. कॅस्पेज ही बोंब उठण्याआधीच दाबतात. दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांत कॅस्पेज बंद करून बघितले, तेव्हा पेशी मेल्याच, पण इंटरफेरॉन सुटलं. म्हणजे मारायला कॅस्पेज लागतीलच असं नाही. गुपचूप मारायला मात्र लागतात.

आता कोसळणारं मरण. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो, पेशींची ऊर्जा संपते आणि त्या फुगून फुटतात. जंतू एकही नसतो. तरी पहिल्या एक-दोन दिवसांत बारीक ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, सीआरपी हा रक्तातला दाहाचा निर्देशांक वर जातो. रिपोर्ट हातात पडल्यावर नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, इन्फेक्शन झालंय का? अँटिबायोटिक का नाही दिलं?" इन्फेक्शन झालेलं नसतं. मेलेल्या स्नायूने हाक मारलेली असते. त्या जागी आधी न्यूट्रोफिल येतात, तीन-चार दिवसांनी मॅक्रोफेज येऊन साफसफाई करतात आणि मग व्रण भरतो. तुमच्या पहिल्या प्रश्नातला ताप इथे येतो.

ही हाक नेमकी कशाची? पेशीच्या आत ज्या गोष्टी निमूट आपापलं काम करत असतात, त्याच बाहेर पडल्या की धोक्याची घंटा ठरतात. एचएमजीबी-१ हे प्रथिन केंद्रकात डीएनए आवरून ठेवायला मदत करतं. २००२ साली असं दिसलं की फुटून मेलेल्या पेशीतून ते बाहेर सांडतं आणि दाह पेटवतं, तर शिस्तीत मेलेली पेशी ते डीएनएला घट्ट चिकटवून ठेवते. एटीपी हे पेशीचं रोजचं इंधन; बाहेर ढिगाने सांडलं की मॅक्रोफेजमधली एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा चालू होऊन ताप आणणारं इंटरल्युकिन-१ सुटतं. २००३ मध्ये या यादीत युरिक ॲसिड आलं. मरणाऱ्या पेशीत ते भरपूर असतं, बाहेर त्याचे स्फटिक होतात. पायाचा अंगठा गाउटने सुजतो तेव्हा याच स्फटिकांनी तीच एनएलआरपी-३ यंत्रणा पेटवलेली असते.

विचारांच्या पातळीवर हा बदल मोठा होता. प्रतिकारशक्ती 'आपलं' आणि 'परकं' ओळखते एवढंच आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. १९८९ मध्ये प्रतिकारशक्तीचे अभ्यासक चार्ल्स जेनवे यांनी मांडलं की जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखल्याशिवाय ती पुढचं पाऊल टाकत नाही. १९९४ मध्ये त्याच क्षेत्रातल्या पॉली मॅत्झिंगर म्हणाल्या की परकं आहे का यापेक्षा काही बिघडलंय का हे ती बघते, आणि बिघाडाची खबर आपल्याच जखमी पेशी देतात. माझ्या मते दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर निघालं. जंतूंची ओळख लागते, नुकसानीची खबरही लागते आणि शरीर दोन्हींचा मेळ घालतं.

बाळाला त्रिगुणी किंवा पेंटाव्हॅलंट लस दिल्यावर मांडी सुजते आणि आजी कुरकुर करते. त्या लशींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते टोचलेल्या जागी काही पेशींचा बळी घेतात, त्यांतून डीएनए आणि युरिक ॲसिड बाहेर पडतं आणि लशीकडे लक्ष वेधायला त्याची मदत होते असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. हे क्षार लशीत दशकानुदशकं आहेत, आणि ते काम कसं करतात हे गेल्या वीसेक वर्षांत उलगडत आलंय.

मरणाचे आणखी प्रकार आहेत, त्यांची नावं उरकून टाकते. जंतू शिरलेली पेशी कधी मुद्दाम आवरणाला गॅसडर्मिन या प्रथिनाची भोकं पाडून फुटते, म्हणजे आरडाओरडा करतच मरते, ते पायरोप्टोसिस. विषाणूने कॅस्पेजच निकामी केले तर पेशी नेक्रोप्टोसिसची दुसरी वाट धरते. लोहामुळे आवरणातली चरबी खवट होऊन येणारं मरण म्हणजे फेरोप्टोसिस, हे २०१२ मधलं नाव. तुमच्या प्रश्नाला या तिघांतला पायरोप्टोसिस पुढे एकदा लागेल.

आपल्या भागात या सगळ्याचं रोजचं उदाहरण म्हणजे टीबी. मानेतली गाठ तपासायला येते, मध्ये पनीरासारखा मऊ, दाणेदार, मेलेला भाग आणि भोवती पेशींचं कडं. टीबीचा जिवाणू मॅक्रोफेजच्या आत राहतो. मॅक्रोफेज शिस्तीत मेला तर जिवाणूही त्याच पुड्यात अडकतो, तो पुडा दुसरी पेशी गिळते आणि टी-पेशींना, म्हणजे नेमकं लक्ष्य ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवते. जहाल जिवाणू हे होऊ देत नाहीत. ते यजमान पेशीचा अपोप्टोसिस रोखून तिला फुटायला लावतात आणि मोकळे होतात. कोणत्या पद्धतीने मरायचं यावरून पेशी आणि जंतू यांच्यात रस्सीखेच चालते ती अशी.

आता केमो लस ठरते का, ते. ही कल्पना हवेतली नाही. २००५ मध्ये फ्रान्समधल्या ग्वीदो क्रोमर आणि लॉरेन्स झित्व्होगेल यांच्या गटाने उंदराच्या आतड्याच्या कॅन्सरपेशी बशीत घेऊन डॉक्सोरुबिसिनने मारल्या. तेच ते आईंचं लाल औषध, ज्याने लघवीही एक-दोन दिवस लालसर होते. मेलेल्या पेशी त्यांनी उंदराच्या एका कुशीत टोचल्या आणि आठवड्याभराने दुसऱ्या कुशीत त्याच कॅन्सरच्या जिवंत पेशी टोचल्या. बहुतेक उंदरांत गाठ झालीच नाही. मायटोमायसिन या दुसऱ्या औषधाने मारलेल्या पेशींनी असं संरक्षण दिलं नाही. सोबत कुठलंही सहायक द्रव्य टोचलेलं नव्हतं. मेलेली पेशीच लस झाली होती.

यात एक गोम आहे. डॉक्सोरुबिसिनने मारलेल्या त्या पेशी शिस्तीतच मेल्या होत्या. कॅस्पेज अडवले तर संरक्षण कमी झालं. म्हणजे वरची इमारतीची उपमा इथे तोकडी पडते: उतरवलेली इमारतही कधीकधी बोलावणं पाठवते. कसं, ते पुढच्या काही वर्षांत उलगडलं. कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन एरवी पेशीच्या आत इतर प्रथिनांच्या नीट घड्या घालायला मदत करतं. डॉक्सोरुबिसिनच्या ताणाने ते, पेशी मरण्याच्या अगदी आधीच, आवरणावर येऊन बसतं आणि डेन्ड्रायटिक पेशीला (तुकडे उचलून टी-पेशींना दाखवणाऱ्या पेशीला) 'मला खा' म्हणतं. मागोमाग एटीपी सुटतं, म्हणजे 'इकडे या'. शेवटी एचएमजीबी-१ सुटतं, म्हणजे 'खाल्लंत ते नीट वाचा'. २००७ मध्ये याच गटाने दुसऱ्या औषधांनी मारलेल्या पेशींवर कॅलरेटिक्युलिन बाहेरून चिकटवलं, तर त्या मुक्या पेशीही बोलायला लागल्या. ऑक्सालिप्लॅटिनने कॅलरेटिक्युलिन वर येतं, सिसप्लॅटिनने येत नाही. दोन्ही प्लॅटिनमचीच औषधं, रचनेत भावंडं, तरी फरक एवढा.

डेन्ड्रायटिक पेशी ही या सगळ्या कथेची मुख्य पात्र. ती मेलेल्या पेशीचा आतला सांगाडा, म्हणजे ॲक्टिन हे प्रथिन, उघडा पडलेला ओळखते, तुकडा उचलते आणि जवळच्या लसिकाग्रंथीत जाते. स्तनाच्या बाबतीत ती ग्रंथी काखेत असते. तिथे ती टी-पेशींना तुकडा दाखवते. तुकड्यासोबत धोक्याची खबर असेल तर टी-पेशी लढायला तयार होऊन परततात. खबर नसेल तर त्याच टी-पेशींना 'हे आपलंच आहे, सोडून द्या' असा धडा मिळतो. म्हणून मी म्हणते की नुसत्या पेशी मेल्याने काही होत नाही, उलट गप्प बसायची सवयही लागू शकते.

मग माणसांत काय? इथे मी पाय थोडा मागे घेते. उंदराची गाठ काही दिवसांत वाढवलेली असते; आईंची गाठ वर्षानुवर्षं प्रतिकारशक्तीच्या डोळ्यांत धूळ झोकत वाढलेली आहे. अशा पेशी आवरणावर सीडी-४७ नावाचं 'मला खाऊ नका' लिहितात. सांडलेल्या एटीपीचं काही विकरं लगेच ॲडिनोसिन करून टाकतात, आणि ॲडिनोसिन टी-पेशींना गुंगी आणतं. त्यामुळे बशीतल्या मेलेल्या पेशी लस ठरल्या म्हणून सलाइनमधून गेलेलं डॉक्सोरुबिसिनही लसच ठरेल, असं धरून चालता येत नाही. कॅन्सर आटोक्यात येतो तो मुख्यतः औषधाने पेशी थेट मारल्यामुळे.

तरी खुणा दिसतात. केमोनंतर काढलेला स्तन लॅबमध्ये येतो तेव्हा आधीच्या गाठीची जागा हाताला चिवट लागते. स्लाइडवर तिथे धाग्यांसारखा व्रण, फेसाळ मॅक्रोफेज आणि बरेचदा लिम्फोसाइटचे (टी- आणि बी-पेशींसारख्या पांढऱ्या पेशींचे) थवे दिसतात. फेसाळ दिसतात कारण मेलेल्या पेशींची चरबी त्यांच्या पोटात असते. केमोआधीच्या बायोप्सीतच गाठीच्या आसपास लिम्फोसाइट भरपूर असतील, तर ट्रिपल निगेटिव्ह (हॉर्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू प्रथिन, तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) आणि हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू प्रथिन जास्त असलेला) प्रकारांत केमोने गाठ पूर्ण विरघळण्याची शक्यता जास्त असते, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. नेदरलँड्समध्ये पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सरच्या रुग्णांना आधी थोडं डॉक्सोरुबिसिन किंवा थोडं सिसप्लॅटिन देऊन मग निव्होलुमॅब हे टी-पेशींचा ब्रेक काढणारं औषध दिलं. २०१९ मध्ये निकाल आले: एकूण पाचातल्या एका रुग्णात गाठी लहान झाल्या, डॉक्सोरुबिसिनच्या गटात साधारण तिघांतल्या एकीत. गंमत म्हणजे सिसप्लॅटिनच्या गटातही फायदा दिसला, उंदरांच्या नियमाप्रमाणे तो दिसायला नको होता. अभ्यास छोटा होता, गट आणखी छोटे. तेव्हा मी याला दिशा म्हणेन, निष्कर्ष म्हणणार नाही.

ब्रेक काढणाऱ्या अशा औषधांसाठी ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात असेल तर शस्त्रक्रियेआधीच्या केमोसोबत याच जातीचं पेम्ब्रोलिझुमॅब देतात. त्याच्या डोसची किंमत लाखांत जाते. आईंचा प्रकार कोणता, हे तुमच्या प्रश्नात नाही. हॉर्मोन पॉझिटिव्ह असेल तर हे गणित वेगळं आहे, म्हणून शेजारच्या बाईंना दिलं तेच आपल्यालाही द्या, असा आग्रह धरू नका.

नवी मुंबईत राहता म्हणून दोन गोष्टी कानावर आल्याच असतील. एक, कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी काढून, कॅन्सरपेशी ओळखतील अशा बदलून परत देणं. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या कामातून उभी राहिलेली भारतीय कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झाली, ती बी-पेशींच्या काही रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. स्तनाच्या कॅन्सरशी तिचा आज संबंध नाही, पण तुमच्या प्रश्नाशी आहे. या उपचारात कधीकधी रुग्णाला प्रचंड ताप येतो, रक्तदाब घसरतो. त्यामागचं एक कारण २०२० मध्ये समोर आलं: कार-टी पेशी कॅन्सरपेशीला मारताना तिला पायरोप्टोसिसने फोडतात, त्यातून सांडलेला माल मॅक्रोफेजना चेतवतो आणि तेच इंटरल्युकिन-१ आणि ६ चा पूर आणतात. मरणाची पद्धत चुकली की उपचारच अंगावर उलटतो, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी, 'शंभर रुपयांची गोळी'. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत डॉ. इंद्रनील मित्रा यांचा गट बरीच वर्षं सांगतोय की मरणाऱ्या पेशींतून डीएनएचे बारीक कण सुटतात, ते निरोगी पेशींत शिरतात, त्यांच्या डीएनएला इजा करतात आणि दाह वाढवतात. रेझ्व्हेराट्रॉल हे द्राक्षातलं द्रव्य आणि तांबं अगदी थोड्या मात्रेत एकत्र दिल्यास हे कण निकामी होतात, असं त्यांचं म्हणणं. २०२४ च्या सुरुवातीला याच्या बातम्या अशा झळकल्या की कॅन्सर पुन्हा न होऊ देणारी गोळी तयार झालीय. कल्पना मला रोचक वाटते. मेलेल्या पेशींचा कचरा निरुपद्रवी नसतो हे तर वर सांगितलंच. पण रुग्णांच्या मोठ्या, नीट तुलना केलेल्या चाचण्यांशिवाय तिला उपचार म्हणता येणार नाही. मेडिकलमधून तांब्याच्या आणि द्राक्षाच्या गोळ्या आणून आईंना सुरू करू नका.

तिसऱ्या शंकेकडे वळण्याआधी ल्युपसबद्दल, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजाराबद्दल, सांगायला हवं, कारण 'जाग वाढवणं' नेहमी हिताचं असतं हा समज मला खोडायचा आहे. ल्युपसच्या रुग्ण बहुतेक तरुण बायका असतात. मे महिन्यात पाम बीच रोडवर दुपारी स्कूटर चालवली की गालांवर पुरळ उठतं, सांधे धरतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात. तुमच्या-माझ्याही मरतात, पण आपल्याकडे त्या वेळेत उचलल्या जातात. ल्युपसमध्ये उचल कमी पडते, पुडे पडून राहतात, फुटतात, आणि आतला डीएनए प्रतिकारशक्तीच्या नजरेस पडतो. ती त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवते. मेलेल्या पेशी उचलायला मदत करणारं सी-१-क्यू हे प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच नसतं, त्यांच्यातल्या बहुतेकांना ल्युपस किंवा तसाच आजार होतो. एएनए या ल्युपससाठीच्या रक्ततपासणीत आम्ही फ्लोरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकणारी केंद्रकं बघतो, ती याच अँटिबॉडी चिकटल्यामुळे चमकतात. जुन्या काळी एलई पेशी शोधायचे. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये तिचं वर्णन झालं: अँटिबॉडीने माखलेलं एक मेलेलं केंद्रक अख्खं गिळून बसलेला न्यूट्रोफिल. ही तपासणी आता जवळपास बंद पडली, पण विद्यार्थ्याला ल्युपस समजावायला अजून तिच्यासारखं चित्र नाही.

तर घरून काय द्यायचं? प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून विकलं जाणारं काहीही नको, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅलरेटिक्युलिन वर यावं म्हणून कुठलाही काढा उपयोगी पडल्याचा पुरावा नाही. गुळवेलीचं तर उलट ऐकायला मिळालंय: कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद कुणीही जिंको. डॉक्सोरुबिसिन यकृतातूनच बाहेर पडतं आणि केमोच्या मध्यात यकृताचे आकडे बिघडले तर पुढचा डोस लांबतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वरणभात, उसळ, अंडं, दही, पचेल ते आणि स्वच्छ केलेलं खाऊ द्या. उलट्यांसाठी दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं असं वाचून ते आपल्या मनाने बंद करू नका. शंका असेल तर कॅन्सरतज्ज्ञांनाच विचारा.

आणि ताप. हे सगळं वाचून कुणाला वाटेल की केमोनंतर ताप आला म्हणजे प्रतिकारशक्ती जागी झाली, चांगलं लक्षण. हा समज जिवावर बेतू शकतो. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत न्यूट्रोफिल तळाला जातात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप गेला तर तो जंतुसंसर्गच आहे असं धरून त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. थर्मामीटर घरात ठेवा आणि कोणत्या हॉस्पिटलच्या कोणत्या विभागात जायचं हे आधीच विचारून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता ठाणे-बेलापूर रोडवर उभं राहून फोनाफोनी करावी लागणार नाही.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा. पहिली शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्ये: गाठीतल्या जिवंत कॅन्सरपेशी पूर्ण गेल्या की काही उरल्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. पुढची औषधं त्यावर ठरतात. दुसरी म्हणजे टीआयएल, गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइटची टक्केवारी. सगळ्या लॅब ती लिहीत नाहीत. आईंचा कॅन्सर ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोआधीच्या बायोप्सीवर ती मोजून द्या असं लॅबला सांगता येतं, तपासणी साध्या स्लाइडवरच होते. हॉर्मोन पॉझिटिव्ह असेल तर त्या आकड्याचा अर्थ तसा सरळ लागत नाही, आकडा कमी आला म्हणून हाय खाऊ नका.

बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून पावती घेऊन ताब्यात घ्या. दुसरं मत घ्यायला किंवा पुढे नवी तपासणी करायला ते लागतात, आणि रिपोर्टच्या झेरॉक्सवर ते भागत नाही. ब्लॉक डबीत, सावलीत ठेवा. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला ब्लॉक मऊ पडून बिघडू शकतो.